तिसरा चौकोन

माझं अक्षर चांगलं, म्हणून फळा माझ्या गळ्यात पडला. फिजिक्स घेऊन पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालेली मुलगी कारखान्याने नोकरीवर घेतली आणि पहिल्याच दिवशी तिच्या हातात खडू दिला. "बाईंचं अक्षर सुरेख आहे, नकाशा त्यांच्याकडे राहू द्या," असं कंप्युटर विभागाचे साहेब म्हणाले. मला वाटलं, काहीतरी जबाबदारीचं काम दिलं. खोलीतले बाकीचे हसले तेव्हाही मला कळलं नाही. मी तेव्हा अशीच होते, कुणी दोन शब्द बरे बोललं की फुगायची.

कारखाना ट्रकचे ब्रेक बनवायचा. नगरहून राहुरीकडे जाताना डाव्या हाताला मोठा माळ लागतो, त्यावर होता. आता नाही. परदेशातल्या भागीदार कंपनीने स्वतःचा वापरून झालेला एक कंप्युटर आमच्या माथी मारला होता. दोन गोदरेज कपाटं शेजारी शेजारी ठेवावीत एवढा. साऱ्या कारखान्यात एअरकंडिशनर फक्त त्याच्या खोलीत. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, मग आत. बाहेर माळावर माणसं उन्हाने करपत असायची आणि आत आम्ही स्वेटर घालून बसायचो. त्या साली पाऊस नव्हताच. गावोगाव लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते, तेव्हा आमच्या खोलीत कपाटाला थंडी पुरते आहे ना, याची काळजी चालायची.

त्याची मेमरी अगदी तुटपुंजी. आजच्या साध्या घड्याळात त्याहून जास्त असते. म्हणून ती सगळ्यांनी वाटून घ्यायची. त्या मेमरीचा नकाशा म्हणजे माझा फळा. पांढऱ्या रेघांनी आखलेले चौकोन आणि प्रत्येक चौकोनात ज्याचं काम चालू असेल त्याचं नाव. हा चौकोन अमक्याचा, हा तमक्याचा. एकाच्या चौकोनात दुसऱ्याचे आकडे शिरले की दोघांचाही सत्यानाश.

आता ते खोकं. त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण आम्ही सगळे खोकंच म्हणायचो. चाचणीच्या ट्रकमध्ये एक रेकॉर्डर बसवलेला असे. वेग किती, ब्रेकच्या पायट्यावर दाब किती, सगळं टेपवर उमटायचं. ती टेप खोलीत आणून लावली की खोकं त्या खुणांचे आकडे करायचं आणि थेट मेमरीत नेऊन टाकायचं. थेट म्हणजे कंप्युटरच्या डोक्याला न विचारता. दर आकड्याला विचारत बसलं तर डोक्याला दुसरं काही सुचलंच नसतं, इतके भराभर आकडे यायचे. म्हणून खोक्याला आधीच परवाना द्यायचा: इथून सुरू कर, एवढे आकडे टाक. हा परवाना देण्याचं आणि काम झाल्यावर तो काढून घेण्याचं काम एका लहानशा प्रोग्रॅमचं. त्याला ड्रायव्हर म्हणायचे. तो साहेबांनी स्वतः लिहिला होता आणि कमीत कमी जागेत बसवला होता. त्याचं त्यांना फार कौतुक. जावयाचं करावं तसं.

घरी मी हे सांगितलं तेव्हा दादा पोट धरून हसला. "म्हंजी आता घरात दोन ड्रायव्हर! अगं, माझा पगार तरी त्याच्यापरीस जास्त हाय का?"

दादा, माझा थोरला भाऊ, त्याच कारखान्यात चाचणीचा ट्रक चालवायचा. मूळचे आम्ही पारनेर तालुक्यातले. तो आधी आला, मग मला आणलं. त्याच्या, वहिनीच्या आणि माझ्या मिळून दोन खोल्या होत्या. तो फटकळ, तापट, आणि गाडीच्या बाबतीत गर्विष्ठ. चपला काढून अनवाणी गाडी चालवायचा. म्हणायचा, "बूट घातला की पाय बहिरा व्हतो. ब्रेक तळव्याला कळतो." भरलेला ट्रक उतारावरून आणून जमिनीवर उभ्या केलेल्या विटेला बंपर नुसता टेकवून दाखवायचा. वीट पडायची नाही. वीट पडली नाही की आमच्याकडे बघून असा हसायचा, की मला त्याच्या डोक्यात तीच वीट घालावीशी वाटे. पण मला त्याचा अभिमान होता. आणि त्याला माझा. चहाच्या टपरीवर सांगायचा, "आमची बाय कंप्युटरमध्ये हाय. यंत्र खोटं बोलत न्हाई, तिनं सांगितलंय मला."

फळ्याची एक गंमत सांगायची राहिली. रुजू झाले त्याच आठवड्यात साहेबांचं एक काम संपलं आणि मी त्यांचा चौकोन पुसायला डस्टर उचललं. तर खोलीतला शिपाई धावत आला. आम्ही त्याला मामा म्हणायचो. त्याने माझा हातच धरला. "बाई, काय करता? जित्या मानसाचं नाव पुसू नये!" मी साहेबांकडे बघितलं. वाटलं, परदेशात शिकून आलेला माणूस, हसेल. ते हसले, पण म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. रेघ मारा खाली." तेव्हापासून रीतच पडली. काम संपलं की नाव पुसायचं नाही, खाली पिवळ्या खडूने रेघ ओढायची. पिवळी रेघ म्हणजे चौकोन मोकळा, दुसऱ्याला द्यायला हरकत नाही. पाहुण्यांना फळा दाखवला की सगळा भरलेला दिसायचा. साहेबांना ते आवडायचं.

आणि साहेबांचा प्रोग्रॅमही तसाच वागायचा, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. काम झालं की तो स्वतःपाशी 'झालं' अशी खूण करायचा. पण खोक्याला दिलेला पत्ता काढून घ्यायचा नाही. त्याला आणखी चार ओळी लागल्या असत्या, त्या साहेबांनी वाचवल्या. खोकं मात्र हातात जुना पत्ता धरून तसंच बसलेलं. पिवळी रेघ माणसांना कळते, खोक्याला कशी कळणार?

त्या दिवशी नव्या ब्रेकची चाचणी होती. नवीन नळी, नवीन रचना, मोठ्या ऑर्डरची आशा. दादा भरलेला ट्रक घेऊन उतारावर गेला. उताराच्या शेवटी पांढरी रेघ, तिच्यापुढे लाकडी अडसर, आणि अडसराच्या पलीकडे उभं राहायचं नाही असं शंभरदा सांगितलेला मुकादम. तो तिथेच उभा होता. ट्रक रेघेवर थांबला नाही. अडसर मोडून गेला. मुकादमाचा उजवा पाय गुडघ्याखाली चाकात आला. दवाखान्यात तो कापावा लागला.

दादा तेव्हापासून एकच सांगत होता. "म्या पाय दाबला. पाय पार तळाला गेला. खाली काय नव्हतंच. नुसता लोण्यात गेल्यावानी गेला."

हे खरं असेल तर नवा ब्रेक फसला. खोटं असेल तर माझा भाऊ फसला. इतकं सरळ होतं. आणि ते ठरवणार होतं आमच्या थंड खोलीतलं कपाट.

टेप आली. खोक्याने आकडे वाचले. मग मामांनी नेहमीसारखी टेप उलटी गुंडाळली आणि लगेच पुसून पुढच्या चाचणीसाठी तयार केली. टेपा परदेशातून यायच्या, मोजक्याच होत्या, वाचून झाली की पुसायची असा साहेबांचा कायमचा हुकूम होता. जिवंत माणसाचं नाव पुसायला सगळ्यांचा हात थरथरायचा, टेप पुसताना कुणाला काही वाटत नसे. त्यानंतर टेलिटाइपवर, म्हणजे आमच्या छापायच्या यंत्रावर, आकडे छापून निघाले. पायट्यावरचा दाब: बरा, बरा, बरा, आणि ऐन मोक्याच्या ठिकाणी शून्य. शून्य, शून्य, शून्यांची लांबच लांब रांग, मग पुन्हा आकडे. तेव्हा ट्रक थांबलेला होता आणि मुकादम ओरडत होता.

साहेबांनी तो कागद दिव्यासमोर धरला. "पाय ठेवलाच नाही," म्हणाले. "अनवाणी चालवतात ना हे. घसरला असेल. गावंढळपणाची किंमत दुसऱ्याने मोजली." हे ते मला उद्देशून म्हणाले, हसत हसत, आणि फळ्याकडे बोट करून, "बाई, दोन नंबरच्या चौकोनात स्पेलिंग सुधारा," असंही म्हणाले. मी सुधारलं. अक्षर तेव्हाही चांगलंच आलं. चीड आली मला त्या अक्षराची.

दोन दिवसांनी सकाळी मुकादमाची बायको आमच्या दारात आली. भांडायला आली असेल असं वाटून वहिनी पुढे झाली. पण ती भांडली नाही. पदराखालून तिने एक चप्पल काढली, जाड टायरच्या तळव्याची, आणि उंबऱ्यावर ठेवली. उजव्या पायातली. "ही ठेवा तुमच्याकडं," म्हणाली. "आमच्या घरी आता उजव्या पायाला कोनच न्हाई." आणि गेली. वहिनी ती चप्पल बाहेर भिरकावणार होती, दादाने तिच्या हातून घेतली आणि आपल्या बाजेखाली ठेवली. त्या दिवशी तो जेवला नाही.

माझ्या डोक्यात ती शून्यं बसली होती. पाय उचलला तर दाब उतरत जातो, एकदम शून्य होत नाही. आणि उतारावर धक्के बसतात, दाबाचा आकडा थोडा तरी हलतो. ही शून्यं कोरडी ठणठणीत होती. मग मी फळ्यासमोर उभी राहून हिशेब केला, कुठला आकडा कुठल्या चौकोनात पडला असेल. शून्यांची रांग तिसऱ्या चौकोनाच्या पहिल्या घरापासून सुरू होत होती आणि त्याच्याच शेवटच्या घराला संपत होती. तिसऱ्या चौकोनात साहेबांचं नाव होतं. खाली पिवळी रेघ.

मग सगळं उलगडलं. खोक्याला दोन तोंडं होती. एका तोंडाने साहेब रोज सकाळी खोकं ठीक आहे का ते तपासायचे, त्यासाठी तिसरा चौकोन. दुसऱ्या तोंडाने चाचणीचे आकडे यायचे. त्या दिवशी आकडे जास्त होते, म्हणून ते पसरून तिसऱ्या चौकोनातही ठेवले, रेघ होती ना, मोकळा होता. पण पहिल्या तोंडाच्या हातात तिसऱ्याचा पत्ता तसाच राहिलेला. मामांनी टेप उलटी फिरवायला मोटर सुरू केली, तिचा झटका बसला, पहिल्या तोंडाला वाटलं काम आलं. टेपेवरून तर काहीच येत नव्हतं. मग त्याने काहीच नाही ते लिहिलं. शून्यं. माझ्या भावाच्या पायावर.

घरी येऊन मी दादाला सांगितलं. यंत्राच्या भाषेत त्याला काय कळणार म्हणून शेतातलं सांगितलं. "समज, तू रानात पाण्याचं दारं धरतोयस. वाफा भरला. पण त्याचं दारं तू बुजवलंच नाहीस, नुसता ओरडलास, भरला रे!"

तो लगेच उठून बसला. "म्हंजी मोटर पुन्हा सुरू झाली की पानी त्याच वाफ्यात शिरनार. तिथं कुनी पेरलेलं असलं तरी."

"हां. आणि पेरलेलं वाहून जाणार."

"मंग माझा पाय व्हता," तो म्हणाला. "बघ, म्हनत हुतो का न्हाई? माझा पाय व्हता तिथं." तोंड फिरवून त्याने डोळे पुसले आणि वहिनीवर खेकसला, चहा कुठाय म्हणून. मला फार बरं वाटलं. इतकं बरं त्यानंतर कधी वाटलं नाही.

शनिवारी दुपारी साहेब जेवायला गेले असताना मी मामांना सांगून करून बघितलं. मेमरीत सगळीकडे सात भरले. सात सात सात. मग रिकामी टेप लावून उलटी फिरवली, आणि छापलं. दुसऱ्या चौकोनात सात, चौथ्यात सात, तिसऱ्यात शून्य. नुसती शून्यं. मामांनाही दिसलं. ते म्हणाले, "आरं तिच्या!"

साहेब परतले तेव्हा मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. मला वाटलं होतं, ओरडतील. त्यांनी चष्मा लावला, कागद दोनदा वाचला, मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पहिल्यांदाच दिसले. "शाबास," म्हणाले. "मी एवढी वर्षं बसलो या खोक्यासमोर, माझ्या लक्षात नाही आलं. सोमवारी चौकशी आहे. हा कागद राहू द्या, टेलिटाइपवर शून्यं कुणीही बडवू शकतं असं म्हणतील. तुम्ही सगळ्यांसमोर करूनच दाखवा. मी सांगतो तसं अधिकाऱ्यांना." त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. मी घरापर्यंत चालत गेले ते तरंगतच. कठोर असतील, पण शास्त्रज्ञ आहेत, असं मी वहिनीला सांगितलं. वहिनीने गूळ घालून शिरा केला. तीन माणसांत वाटीभर, पण केला.

सोमवारी सकाळी मी खोलीत गेले तर मामा माझ्याकडे बघेनात. फळ्यावर तिसरा चौकोन रिकामा होता. नाव नाही, रेघ नाही, ओल्या फडक्याने पुसलेला काळाभोर.

"मामा, हे कुणी?"

"सायबांनी," मामा हळूच म्हणाले. "काल आल्ते. सवताच्या हातानं सवताचं नाव पुसलं, बाई. म्या म्हनलं, नका. तर माझ्यावर डोळं वटारलं." त्यांना तो अपशकुन वाटला होता, एवढंच. मलाही तेव्हा एवढंच वाटलं, की साहेबांनी माझ्यासाठी फळा साफ करून ठेवला. त्यांची ती रविवारची भेट कशासाठी होती ते मला अजून कळायचं होतं.

चौकशीला मुंबईहून एक वयस्कर अधिकारी आले होते. दमेकरी, सारखा घसा खाकरणारे. दादालाही बोलावलं होतं. त्या खोलीत तो आयुष्यात पहिल्यांदा आला. नळावर पाय घासूनपुसून धुऊन आला होता, तरी साहेबांनी मामांना गोणपाट टाकायला सांगितलं. "फरशी खराब होईल." दादा गोणपाटावर उभा राहिला. थंडीने त्याच्या पायाची बोटं वळली होती. मी त्याच्याकडे बघून हसले, घाबरू नकोस म्हणून.

मी सगळं समजावून सांगितलं. परवाना, पत्ता, दोन तोंडं. अधिकाऱ्यांना वीस टक्के कळलं असेल. साहेब मध्येमध्ये "बरोबर, बरोबर" म्हणत होते. मी सात भरले. मामांनी टेप लावली, उलटी फिरवली. मोटर घरघरली. मी छापायला लावलं.

टेलिटाइप खडखडत सुटलं. सात सात सात. दुसरा चौकोन संपला. आता, म्हणून मी कागदावर वाकले. सात. सात सात सात. तिसरा चौकोन पुरा झाला, चौथा सुरू झाला. सात. कागद खाली लोळत दादाच्या गोणपाटापर्यंत गेला.

"पुन्हा करते," मी म्हणाले. पुन्हा केलं. पुन्हा सातच.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "प्रोग्रॅम बदललाय," मी ओरडलेच. "काल बदललाय! शनवारी असं न्हाई झालं!"

एवढी वर्षं तासूनतासून बोलायला शिकले होते, आणि नेमकं तिथे 'न्हाई' निघालं. साहेब मोठ्याने हसले. "न्हाई का?" ते म्हणाले. "शनवारी न्हाई, सोमवारी हाय!" अधिकाऱ्यांच्या बरोबरचा कारकूनही हसला. मग आमचे साहेब अधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, ही भावाची माया आहे. आपण मनावर घेऊ नये. मुलगी हुशार आहे, अक्षरही फार सुंदर आहे."

मी मामांकडे वळले. "मामा, साहेब काल आले होते ना? शनिवारी तुम्ही शून्यं पाहिली ना?"

मामांनी फळ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. "मला न्हाई ठाव," ते म्हणाले. "मला आकडं वाचता येत न्हाईत." त्यांच्या तीन मुली लग्नाच्या होत्या. मला ते माहीत होतं, म्हणून मी त्यांना काही बोलले नाही. पण माफही केलं नाही.

अधिकारी खाकरले. "बाई, यंत्राला सात दिले, यंत्राने सात परत केले. आणखी काय हवं तुम्हाला?" मग दादाकडे वळून म्हणाले, "तू सांग. ब्रेकवर पाय दाबला होतास?"

दादा जमिनीवर लोळणाऱ्या त्या कागदाकडे बघत होता. त्यावरचे सात त्याला वाचता येत होते. मी मनातल्या मनात ओरडत होते, बोल, लोण्यात गेल्यासारखा गेला म्हण, हजारदा म्हणालास तसं म्हण.

"दाबला व्हता, वाटतं," दादा म्हणाला.

"वाटतं?" साहेबांनी तो शब्द चिमटीत धरून उचलावा तसा उचलला. "वाटतं म्हणतोय, साहेब." अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

दादाची नोकरी गेली, लायसन्स गेलं. पुढच्या आठवड्यात तो दुष्काळी कामावर खडी फोडायला बसला. दुपारी खायला सुकडी मिळायची ती घरी घेऊन यायचा. त्या रस्त्यावरून ट्रक गेला की बाकीचे धुळीमुळे तोंड झाकायचे, हा तोंड उघडं ठेवून गाडीकडे बघत राहायचा. नव्या ब्रेकची ऑर्डर कारखान्याला मिळाली. ते ब्रेक घाटांत कसे वागले ते मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची माझी हिंमतही झाली नाही.

चौकशीनंतर दुसऱ्याच दिवशी मी साहेबांचा ड्रायव्हर मेमरीतून एकेक घर करत वाचून काढला. शेवटी चार नव्या ओळी होत्या. काम झालं की खोक्याच्या दोन्ही तोंडांचा पत्ता पुसून टाकणाऱ्या. नीटस, कमीत कमी जागेत. माणूस हुशार होता, ते नाकारता येत नाही. मी घरी येऊन दादाला सांगितलं, "दादा, तुझा पाय होता. त्याने रविवारी दारं बुजवलं, म्हणून सोमवारी सात आले. सात आले हाच पुरावा आहे, कळतंय का?"

तो खडीने फुटलेल्या बोटांना हळद लावत होता. "असू दे," म्हणाला. "सात आले न्हवं? समद्यांसमोर आले. तूच म्हनायचीस, यंत्र खोटं बोलत न्हाई."

"यंत्राला खोटं बोलायला लावलं रे!"

"तुझ्या डोक्याचा भुगा झालाय," तो म्हणाला. "भावाची माया हाय ती." साहेबांचेच शब्द, त्याच्या तोंडून. मी भांडं आपटलं. त्या दिवसानंतर आम्ही त्या विषयावर बोललो नाही.

मी ती नोकरी सोडली नाही. घर माझ्या पगारावर चालत होतं. रोज सकाळी त्या चार ओळींसकट साहेबांचा ड्रायव्हर मीच मेमरीत चढवायची. काही महिन्यांनी परदेशी भागीदाराकडून साहेबांच्या या सुधारणेबद्दल शाबासकी आली. साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "फळ्याच्या वर मोठ्या अक्षरांत एक नियम लिहा, सगळ्यांना दिसेल असा. काम झाले की पत्ता पुसावा." मी शिडीवर चढून लिहिलं. 'पुसावा'मधला उकार जरा लहान झाला होता, तो त्यांनी पुन्हा काढायला लावला. खाली मामा शिडी धरून उभे होते.

त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस पडला. लोक कामावरून आपापल्या रानात गेले. आमचं रान होतं नव्हतं सारखंच, दादा घरीच असायचा. एका रविवारी मी भाजी घेऊन आले, तर दार नुसतं लोटलेलं होतं. दादा बाजेवर बसला होता. पाठ ताठ, दोन्ही हात पुढे, जणू चाक धरलंय. मुकादमाची ती चप्पल त्याने बाजेखालून काढून आपल्यासमोर ठेवली होती, टाच खाली आणि पुढचा भाग विटेवर टेकवून तिरपी, ब्रेकच्या पायट्यासारखी. त्यावर त्याचा अनवाणी उजवा पाय.

तो पाय दाबायचा. मग डोळे मिटून थांबायचा, तळवा काय सांगतो ते ऐकायला. मग नाही म्हणून मान हलवायचा, आणि पाय उचलून पुन्हा दाबायचा.

मी पिशवी दारातच ठेवली आणि आवाज न करता बाहेर आले.